कॉव्हेंट गार्डनची ‘स्लीपिंग ब्यूटी’ पडद्यावर पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या रॉयल बॅलेची ‘द स्लीपिंग ब्यूटी’ मी बऱ्याच जणांना आग्रहाने पाहायला लावली आहे. पाहून झाल्यावर, आणि खरं तर पाहतापाहताच, लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. शेवट आधी कळू नये, अशी काळजी इथे घेतलेली नाही. या गोष्टीचा शेवट सगळ्यांनाच ठाऊक असतो.

नेमकं कोणतं चित्रण?

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातल्या रॉयल ऑपेरा हाउसमधला २८ फेब्रुवारी २०१७ चा प्रयोग. तो त्या संध्याकाळी थेट चित्रपटगृहांत दाखवला गेला आणि पुढे डिस्कवर आला. राजकन्या अरोरा झाली आहे मारियानेला नुन्येझ, राजपुत्र फ्लोरिमंड वादिम मुंतागिरोव्ह आणि दुष्ट परी कॅराबॉस क्रिस्टन मॅकनॅली. हीच निर्मिती २००६ मध्येही चित्रित झाली होती. तेव्हा अरोरा होती अलिना कोजोकारू, आणि तरुण नुन्येझ त्यात लायलॅक परी, म्हणजे शाप सौम्य करणारी चांगली परी, होती. दोन्ही पाहिलीत तर एकच कलावती अकरा वर्षांत परीची राजकन्या झालेली दिसेल.

मला बॅलेतलं ओ की ठो कळत नाही. तरी बघू का?

जरूर बघा, आणि सुरुवात याच बॅलेपासून करा. गोष्ट माहितीची आहे, त्यामुळे ‘आता हे काय चाललंय’ असा गोंधळ होत नाही. संगीत चायकोव्हस्कीचं आहे आणि ते पहिल्याच ऐकण्यात आपलंसं होतं. पावलांची फ्रेंच नावं पाठ करायची काहीच गरज नाही. फक्त एक करा: नर्तकीने एका पायावर किती गिरक्या घेतल्या ते मोजत बसू नका. ती गिरकीत शिरताना आणि गिरकीतून बाहेर येताना कशी दिसते ते पाहा. चांगली नर्तकी आणि थोर नर्तकी यांतला फरक बहुतेक वेळा तिथेच कळतो.

गोष्ट आपल्याला माहीत आहे तीच का?

जवळपास तीच. शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेली कथा इथे आधाराला आहे. त्या कथेचा उत्तरार्ध भयंकर आहे, त्यात राजपुत्राची आई राक्षसीण असते आणि तिला सुनेला आणि नातवंडांना खायचं असतं. बॅलेत तो भाग पूर्ण गाळला आहे.

राहतं ते असं. पूर्वरंगात राजकन्येचं बारसं. सगळ्या पऱ्यांना आमंत्रण जातं, कॅराबॉसचं नाव मात्र दरबारातला समारंभप्रमुख कातालाब्यूत विसरतो. ती उंदरांनी ओढलेल्या गाडीतून येते आणि शाप देते. पहिल्या अंकात अरोराचा सोळावा वाढदिवस आणि टकळीचं टोक. दुसऱ्या अंकात शंभर वर्षं लोटली आहेत. शिकारीला आलेल्या राजपुत्राला लायलॅक परी झोपलेल्या राजकन्येचं दर्शन घडवते आणि तिच्यापर्यंत घेऊन जाते. तिसऱ्या अंकात लग्न.

कुणी एक शब्द बोलत नाही. मग शाप काय दिला हे कळतं कसं?

हातांनी. आणि या चित्रणात सर्वांत आधी नीट पाहायची गोष्ट हीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

भरतनाट्यम किंवा कथक पाहणाऱ्याला हस्ताभिनय नवा नाही. बॅलेतही हातांची एक ठरलेली भाषा आहे, आणि ती पाच-सात खुणांत कळू लागते. चेहऱ्याभोवती तळहात फिरवला की ‘सुंदर’. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की ‘नाच’. एका हाताने दुसऱ्या हाताच्या अनामिकेकडे दाखवलं की ‘लग्न’. मनगटं एकमेकांवर ठेवून मुठी खाली ठोसल्या की ‘मरण’.

आता बारशाचा प्रसंग पुन्हा बघा. कॅराबॉस सगळ्यांना गप्प करते आणि सांगू लागते. पाळण्याकडे बोट: ही मुलगी. तळहात खालून वर वर जातो: मोठी होईल. चेहऱ्याभोवती हात: देखणी होईल. इथवर ती जवळजवळ आशीर्वादच देत असते, राजा-राणीच्या चेहऱ्यावर क्षणभर हायसं वाटल्याचं दिसतं. मग एका बोटाने दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचल्याची खूण, आणि मनगटं एकमेकांवर येऊन मुठी खाली. एवढ्यात सगळं होतं. क्रिस्टन मॅकनॅली हे आरडाओरडा केल्यासारखं करत नाही, चवीने करते, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

त्यानंतर लायलॅक परी पुढे येते आणि तेच वाक्य पुन्हा उच्चारते, पण वेगळ्या लयीत. होय, बोटाला टोचेल. पण मरणार नाही. इथे तिचे हात मरणाच्या खुणेपर्यंत जातात आणि ती खूण मोडतात. ती झोपेल, असं गालाखाली हात घेऊन. एक राजपुत्र येईल, आणि त्याच्या चुंबनाने जागी होईल. एका परीने लिहिलेलं वाक्य दुसरी परी दुरुस्त करते आहे, आणि हे सगळं संवादाशिवाय.

ही हातांची भाषा इंग्लंडमध्ये टिकली याला कारण आहे. निकोलाय सेर्गेयेव्ह नावाच्या सेंट पीटर्सबर्गच्या बॅले-व्यवस्थापकाने क्रांतीनंतर रशिया सोडताना जुन्या बॅलेंच्या हस्तलिखित नोंदी बरोबर आणल्या. त्या स्टेपानोव्ह पद्धतीच्या नृत्यलिपीत होत्या. त्यांच्या आधारे त्याने १९३९ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स रंगमंदिरात ही ‘स्लीपिंग ब्यूटी’ उभी केली. खुद्द रशियात सोव्हिएत काळात अशा अभिनयाला मोठी कात्री लागली आणि त्या जागी नृत्य आलं. त्यामुळे रशियन चित्रणात हा शाप तुम्हाला इतका स्पष्ट ‘ऐकू’ येत नाही.

कॅराबॉस कधी पुरुष करतो, कधी बाई. नियम काय?

नियम नाही. १८९० च्या पहिल्या प्रयोगात ती एन्रिको चेकेत्ती या नर्तकाने केली होती, आणि त्याच प्रयोगात तोच ब्लूबर्डही नाचला होता. म्हणजे एका संध्याकाळी म्हातारी चेटकीण आणि हवेत तरंगणारा पक्षी, दोन्ही तोच. रॉयल बॅलेच्या १९९४ च्या चित्रणात अँथनी डॉवेल कॅराबॉस आहे. बाईने केली की ती ‘सातवी परी’ वाटते, डावललेली, मानाला धक्का बसलेली. मला हे रूप जास्त पटतं. आमंत्रण न आल्याचा राग कुठल्याही लग्नघरात समजतो.

‘रोज अडाजिओ’बद्दल (रोज म्हणजे गुलाब, अडाजिओ म्हणजे संथ लयीतलं नृत्य) सगळे इतकं का बोलतात?

कारण बॅलेतल्या नायिकेला इतक्या लवकर, इतकं उघड्यावर पाडणारी दुसरी जागा क्वचितच सापडते.

परिस्थिती अशी: अरोरा पूर्वरंगात पाळण्यात असते, म्हणजे नर्तकी रंगमंचावर आलेलीच नसते. पहिल्या अंकात ती मागच्या बाजूने धावत येते, हलक्या उड्यांनी रंगमंच भरून टाकते, आणि श्वास बसतो न बसतो तोच वीणेसारख्या हार्पचे सूर सुरू होतात. चार देशांचे चार राजपुत्र तिला मागणी घालायला आलेले आहेत. ती एका पायाच्या बोटांवर उभी राहते, दुसरा पाय मागे गुडघ्यात वळवून उचललेला. एक राजपुत्र तिचा हात धरतो, सोडतो. ती सोडलेला हात डोक्यावर नेते, तोल सांभाळते, मग पुढच्याच्या हाती हात देते. असं चार वेळा. शेवटी हेच पुन्हा होतं, पण आता प्रत्येक राजपुत्र तिला धरून आपण स्वतः तिच्याभोवती एक फेरी मारतो, ती त्याच एका बोटभर जागेवर फिरते, आणि मग तो हात सोडतो. तोवर तिचा घोटा किती दमला असेल याची कल्पना करा.

लोक तोल किती सेकंद टिकला ते बघतात. नुन्येझ तोलाची पक्की आहे, त्यामुळे तो मोह होणारच. पण मी सांगेन, तिचा सुटलेला हात बघा. भेदरलेली नर्तकी पुढच्या राजपुत्राचा हात जवळजवळ हिसकावते, तिची बोटं आवळलेली दिसतात. नुन्येझ हात देते. आधी नजर देते, मग हात देते, आणि घाई कुठेच नाही. सोळा वर्षांच्या मुलीला सगळं जग आपल्याकडे बघत असल्याचं प्रथमच जाणवतं आहे आणि तिला ते आवडतं आहे, हा त्या नृत्याचा अर्थ आहे. तोल हे फक्त त्याचं साधन.

मध्ये राजपुत्र तिला गुलाब देतात, त्यावरून या भागाला हे नाव. आणखी एक, चार राजपुत्रांकडेही बघा. त्यांना नाचायला फारसं काही नाही, पण त्यांचा हात दोन इंच इकडेतिकडे झाला तर ती पडेल. ते हात किती स्थिर असतात!

मग या बॅलेत शेवटी बघायचं तरी काय? मुलगी तर बहुतेक वेळ झोपलेलीच असते.

ती एकच मुलगी तीन वेळा वेगळी होते, ते बघायचं. माझ्या मते सबंध ‘स्लीपिंग ब्यूटी’ यातच आहे.

पहिल्या अंकात ती सोळा वर्षांची आहे. पावलं चपळ, उड्या छोट्या, नजर सगळीकडे. दुसऱ्या अंकात ती प्रत्यक्षात नाहीच. लायलॅक परीने राजपुत्राला दाखवलेला तो भास आहे. इथे तीच नर्तकी, तेच शरीर, पण वजन नाहीसं व्हायला हवं. ती राजपुत्राकडे पाहून न पाहिल्यासारखं करते, आणि तो जवळ आला की वनदेवतांची रांग मध्ये येते किंवा परी त्याला अडवते. तिसऱ्या अंकात ती वधू आहे, उद्याची राणी. आता तिला कुणाला काही दाखवून द्यायचं नाही. हालचाली रुंद होतात, ती संगीताच्या मागे धावत नाही. तिच्या एकल नृत्यात व्हायोलिनबरोबर हात कोपरापासून हळूहळू वर उलगडत जातात. तेवढा एक मिनिट पहिल्या अंकातल्या प्रवेशाशेजारी ठेवून बघा, मोठी झालेली मुलगी दिसेल.

गंमत अशी की गोष्टीत ती शंभर वर्षं झोपलेली होती, म्हणजे तिच्या आयुष्यात तसं काही घडलेलंच नाही. मोठेपण सगळं नृत्यरचनेतून येतं. नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाची ही करामत आहे आणि १८९० पासून आजवर ती टिकली आहे.

कॅमेऱ्यामुळे काय मिळतं आणि काय हातचं जातं?

मिळतं ते चेहरे. कॉव्हेंट गार्डनच्या वरच्या सज्ज्यात बसलेल्या माणसाला कातालाब्यूतच्या चेहऱ्यावरची तारांबळ दिसत नाही, तुम्हाला दिसते. कॅराबॉसच्या अभिनयाचा खरा लाभ पडद्यावरच होतो. नर्तकांचा श्वास दिसतो. बुटांचा लाकडी फरशीवर होणारा टकटक आवाज ऐकू येतो. काहींना तो खटकतो, मला तो हवा असतो. परी हे हाडामांसाचं माणूस आहे आणि उडी मारल्यावर खाली यावंच लागतं, हे तो आवाज सांगत राहतो.

हातच्या जातात त्या दोन गोष्टी. एक, पाय. बॅलेत चेहरा जवळून दाखवायला गेलं की गुडघ्याखालचा भाग चौकटीबाहेर जातो, आणि पावलांशिवाय ते वाक्य अर्धवट राहतं. दोन, आणि हे नुकसान मोठं आहे, आकृती. पेतिपा गर्दीची मांडणी करण्यात वाकबगार होता. दुसऱ्या अंकातल्या वनदेवता रांगांत, कोनांत, अर्धवर्तुळात उभ्या राहतात आणि त्या रेषा हलतात, तुटतात, पुन्हा जुळतात. हे वरून पाहिलेल्या मोठ्या रांगोळीसारखं आहे, त्यातला एकच ठिपका मोठा करून दाखवला तर काय दिसणार? राजपुत्राला राजकन्या का सापडत नाही याचं उत्तर त्या रेषांमध्येच असतं.

म्हणून माझा आग्रह असा, की दुसरा अंक दोनदा बघा. पहिल्यांदा जसा दाखवला आहे तसा. दुसऱ्यांदा मुख्य जोडीकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त मागच्या वीसेक मुलींकडे. कॅमेरा जेव्हा मागे सरून पूर्ण रंगमंच दाखवतो, त्या क्षणांची तुम्ही वाट पाहू लागाल.

हे रंगमंचावरचं चित्रण आणि ‘बॅलेचा चित्रपट’ यात फरक काय?

इथे खरा प्रयोग, खरे प्रेक्षक, टाळ्या, आणि चूक झाली तर ती झालीच. याउलट १९६४ चा सोव्हिएत चित्रपट पाहा, अल्ला सिझोव्हा आणि युरी सोलोव्योव्ह यांचा. तो मुळात कॅमेऱ्यासाठीच केला आहे. तोही देखणा आहे, सोलोव्योव्हच्या उड्यांसाठी तर अवश्य बघावा. पण रोज अडाजिओत पोटात जो गोळा येतो तो जिवंत प्रयोगाच्या चित्रणातच येतो.

संगीत कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं. कुठे?

बहुधा डिस्नेच्या १९५९ च्या चित्रपटात. त्यातलं प्रसिद्ध प्रेमगीत याच बॅलेच्या पहिल्या अंकातल्या हारवाल्या वॉल्ट्झच्या (फुलांचे हार घेऊन नाचलेल्या समूहनृत्याच्या) चालीवर आहे. मुलं ती चाल ओळखतात आणि खूश होतात.

संगीताबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पेतिपाने चायकोव्हस्कीला अतिशय काटेकोर सूचना लिहून दिल्या होत्या: इथे किती मात्रा, कुठली लय, कुठला भाव. अरोराला टकळी टोचते तिथे त्याने लिहिलं होतं की आता ती नाचत नाही, विषारी कोळी चावल्यासारखी भान हरपून फिरते आहे, आणि हे २४ ते ३२ मात्राखंडांत आटपायला हवं. इतक्या चौकटीत एखादा संगीतकार गुदमरला असता. चायकोव्हस्की खुलला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच तो दोन सूत्रं ऐकवतो. आधी कॅराबॉसचं, कर्कश, झटके देणारं. मग लायलॅक परीचं, हार्पच्या लाटांवर कोर आंग्ले या फुंकवाद्याने वाजवलेलं. पुढे तीन अंक ही दोन सूत्रं एकमेकांशी झगडत राहतात. डोळे मिटून ऐकलं तरी आता रंगमंचावर कोण आलं ते कळतं.

अगदी शेवटी, सगळं संपताना, एक जड, दरबारी चाल येते. ती ‘चौथा हेन्री चिरायू होवो’ या जुन्या फ्रेंच गाण्याची आहे. रशियाच्या झारच्या नाट्यगृहात फ्रान्सच्या राजदरबाराचा जयजयकार! संहितेची कल्पना इव्हान व्सेव्होलोज्स्की यांची होती. ते शाही नाट्यगृहांचे संचालक होते, वेशभूषेची चित्रंही त्यांनी स्वतः काढली होती आणि चौदाव्या लुईच्या दरबाराचं त्यांना विलक्षण आकर्षण होतं. झार तिसरा अलेक्झांडर रंगीत तालमीला आला आणि ‘छान आहे’ एवढंच म्हणाला. चायकोव्हस्कीला ते लागलं, त्याने रोजनिशीत तशी नोंद केली आहे.

१९४६ चा उल्लेख सगळीकडे येतो. तेव्हा काय झालं?

दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट गार्डनचं रॉयल ऑपेरा हाउस नाचघर म्हणून वापरात होतं. युद्ध संपलं, आणि २० फेब्रुवारी १९४६ रोजी ते पुन्हा उघडलं ते याच बॅलेने. कंपनीच्या संस्थापक निनेट द व्हालुआ यांची निर्मिती, ऑलिव्हर मेसेलचं नेपथ्य आणि वेशभूषा, अरोरा मार्गो फोन्टेन. रॉबर्ट हेल्पमनने राजपुत्रही केला आणि कॅराबॉसही. राजा सहावा जॉर्ज प्रेक्षागृहात होता.

लंडनमध्ये तेव्हा कपड्यावर रेशन होतं. कापडाचा तुकडा मिळवायला कूपन लागत होतं, आणि त्या दिवसांत या मंडळींनी एक सबंध राजदरबार सजवून उभा केला. शंभर वर्षं झोपलेला वाडा जागा होतो हे दृश्य त्या रात्री प्रेक्षागृहात बसलेल्या लोकांनी कोणत्या मनाने पाहिलं असेल? बॉम्बवर्षाव सोसलेलं त्यांचं शहर नुकतंच जागं होत होतं. कंपनीने ९ ऑक्टोबर १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिलं पाऊल टाकलं तेही याच बॅलेने, आणि फोन्टेन एका रात्रीत जगप्रसिद्ध झाली.

पुढे नव्या निर्मिती आल्या आणि गेल्या. २००६ मध्ये कंपनीला ७५ वर्षं झाली तेव्हा मोनिका मेसन आणि ख्रिस्तोफर न्यूटन यांनी १९४६ ची निर्मिती पुन्हा उभी केली. मेसेलच्या रेखाटनांना पीटर फार्मरने जोड दिली, हारवाल्या वॉल्ट्झची नृत्यरचना ख्रिस्तोफर व्हीलडनने नव्याने केली. तुम्ही २०१७ च्या चित्रणात बघता ती हीच. तिचे फिके, धुक्यातले हिरवे-गुलाबी रंग काहींना मिळमिळीत वाटतात. मला ते या कथेला शोभतात, कारण भडक सोन्यापुढे नर्तक हरवून जातात.

लग्न ठरलं, शाप संपला. मग तिसऱ्या अंकाला इतका वेळ कशाला?

लग्नाला पाहुणे आले आहेत म्हणून. आणि पाहुणे इतर परीकथांमधले आहेत: बूट घातलेला बोका आणि पांढरी मांजर, लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा. हे भाग छोटे, खेळकर आहेत.

ब्लूबर्डचं नृत्य मात्र सोडू नका. पुरुष नर्तकाच्या पायांची परीक्षा पाहणारी ही जागा आहे. तो तिरक्या रेषेत पुढे येतो तेव्हा पाय हवेतच एकमेकांवर आपटतात, कधी पुढे, कधी मागे, आणि धड पक्ष्यासारखं झुलतं. त्याच्यासोबतची राजकन्या फ्लोरीन अधूनमधून हात कानाजवळ नेते. ती त्याचं गाणं ऐकते आहे. हे माहीत असलं की तिच्या मानेचा प्रत्येक कल वेगळा दिसू लागतो.

शेवटच्या युगुलनृत्यात राजपुत्र तिला तीनदा खाली झुकवतो, तिचं डोकं जमिनीजवळ, पाय वर, आणि दोघांचेही हात सुटे. प्रेक्षक इथे हमखास टाळ्या वाजवतात. हे झोके पेतिपाच्या काळातले नाहीत, रशियन बॅले-निर्माता डियागिलेव्हने १९२१ मध्ये लंडनच्या अलहाम्ब्रा नाट्यगृहात केलेल्या निर्मितीपासून ते आले असं मानलं जातं. ती निर्मिती लेऑन बाक्स्टच्या भव्य नेपथ्यासह १०५ प्रयोग चालली आणि तरीही डियागिलेव्हला कर्जात बुडवून गेली. १८९० ची पहिली अरोरा कार्लोत्ता ब्रियांझा त्यात कॅराबॉस झाली होती.

झोपलेल्या मुलीचं न विचारता चुंबन घेणं आज कसं पाहायचं?

माझ्या दोन्ही पुतण्यांनी हे विचारलं आणि विचारायलाच हवं. बॅलेपुरतं उत्तर असं की दुसऱ्या अंकातलं भासाचं दृश्य याचसाठी आहे. राजपुत्र तिला आधी भेटतो, तिच्याशी नाचतो, परी त्याची परीक्षा घेते, आणि तो तिच्यामागे जायची विनवणी करतो. चुंबन स्वतः क्षणभराचं आहे. तेवढ्याने प्रश्न मिटतो असं मी म्हणणार नाही. मुलांबरोबर बघत असाल तर तिथे थांबून बोला.

नर्तकी पायांच्या बोटांवर उभ्या कशा राहतात? बुटात लाकूड असतं का?

लाकूड नाही, लोखंडही नाही. कापड, कागद आणि खळ यांचे थर एकावर एक चढवून बुटाचं टोक कडक केलेलं असतं, आणि तळव्याखाली एक ताठ पट्टी असते. उरलेलं काम घोटा, पोटरी आणि पाठीचे स्नायू करतात. नवे बूट नर्तकी तसेच घालत नाही. फरशीवर आपटून त्यांचा आवाज मारते, पट्टी हवी तिथे वाकवते, फिती स्वतः शिवते, घसरू नये म्हणून टोकाला राळ लावते. अरोरासारख्या भूमिकेत एक जोडी एका संध्याकाळीच मऊ पडून निकामी होऊ शकते.

मुलांना दाखवू का? किती वेळ लागतो?

नृत्य दोन तासांहून थोडं जास्त, मध्यंतरं धरून चित्रपटगृहात तीन तासांच्या आसपास. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना चालेल, पण एका बैठकीत नको. पूर्वरंग आणि पहिला अंक एके दिवशी, उरलेलं दुसऱ्या दिवशी. कॅराबॉसला लहान मुलं घाबरतात, त्याची तयारी ठेवा. हातांच्या खुणा आधी शिकवल्या तर ती मोठ्यांच्या आधी वाक्यं ओळखतात.

याची तुलना करायला आणखी कोणतं चित्रण?

मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहाचं नोव्हेंबर २०११ चं. सहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर मुख्य रंगमंच उघडला तेव्हाचं, स्वेतलाना झाखारोव्हा आणि अमेरिकेचा डेव्हिड हॉलबर्ग, युरी ग्रिगोरोविचची आवृत्ती. तिथे झळाळी आणि लांबलचक पाय आहेत, अभिनय कमी. आणि शक्य झालं तर १२ डिसेंबर १९५५ चं दूरचित्रवाणी प्रक्षेपण, फोन्टेन आणि मायकेल सोम्स यांचं. चित्र अंधुक आहे, काटछाट आहे. तरीही फोन्टेनची मान आणि खांदे बघून घ्या. आजच्या नर्तकी तिच्यापेक्षा पाय खूप वर उचलतात, पण तिचा पाय जिथे थांबतो तिथे तो असायलाच हवा होता असं वाटतं.

आपल्याकडे या बॅलेशी काही धागा जुळतो का?

एक जुळतो. आठेक वर्षांची एक गरीब मुलगी सेंट पीटर्सबर्गमध्ये आईबरोबर ‘स्लीपिंग ब्यूटी’ पाहायला गेली आणि तिने तिथेच नर्तकी व्हायचं ठरवलं. ती म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेली बॅले-नर्तकी आना पाव्लोव्हा. पुढे ती भारतात आली, मुंबईतही नाचली. उदय शंकर तिच्याबरोबर १९२३ मध्ये कॉव्हेंट गार्डनच्याच रंगमंचावर कृष्ण झाले. तिच्या प्रोत्साहनाने नृत्याकडे वळलेल्या मॅडम मेनका यांनी पुढे खंडाळ्याला कथकसह अभिजात नृत्यं शिकवणारी संस्था काढली.

कुठे आणि कशावर बघावं?

रॉयल बॅले अँड ऑपेराची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा आहे, आणि चित्रण डिस्कवरही आलेलं आहे. त्यांच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर रोज अडाजिओसारखे तुकडे मोफत मिळतात, चव घ्यायला ते पुरेसे. पूर्ण बॅले मात्र फोनवर बघू नका. वनदेवतांच्या रांगा तेवढ्या काचेत मुंग्या होतात. घरातला सर्वांत मोठा पडदा घ्या, खोलीतला दिवा घालवा आणि आवाजासाठी टीव्हीचे स्पीकर सोडून बाहेरचे बरे स्पीकर किंवा हेडफोन जोडा, नाहीतर खर्जातली वाद्यं ऐकू येत नाहीत आणि कॅराबॉसचं अर्धं सामर्थ्य तिथेच असतं.